तिसऱ्या शनिवारची जागा

टकर बीच, व्हँकुव्हर बेट
रविवार, २१ सप्टेंबर

चि. आयव्हर यास,

ताईचा आशीर्वाद. (एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला चिरंजीव काय लिहिता, असं तुझी लेक ब्रेंडा म्हणेल. म्हणू दे. छातीत नवी झडप बसवून घेतलेल्याला नाही लिहायचं, तर कोणाला लिहायचं?) तब्येत बरी असेल. नसली तर कळव, आणि असली तरी कळव. तुझ्या लेकीला आणि जावयाला माझा आशीर्वाद सांग. तिच्या तळघरातली तुझी खोली उबदार आहे आणि टीव्ही मोठा आहे असं ब्रेंडानं तीनदा सांगितलं, तेव्हा त्याबद्दल विचारत नाही. पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तू आधी 'हं' म्हणतोस, मग 'बरं' म्हणतोस, आणि ठेवून देतोस. कागद असा ठेवून देता येत नाही. ठेवलास तरी तो तिथंच पडून राहतो. माझी शाळा सातवीत सुटली हे तुला ठाऊक आहे, तेव्हा चुका काढत बसू नकोस, सरळ वाच.

जुलैच्या शेवटी तू मला सांगितलंस, की ताई, माझी काठी, रीळ, गळाला बांधायच्या पिसांच्या माश्यांचे डबे, सगळं त्या दातांच्या डॉक्टरला देऊन टाक, मला आता पाण्याचं नावसुद्धा नको. मी म्हटलं बरं. मी काही वाद घातला नाही. तुझं सामान, तुझी मर्जी. शिवाय हे पिसांनी मासे धरणं मला कधीच पटलेलं नव्हतं. मासा खायचा असेल तर जाळं आहे, होडी आहे, दुकान आहे. किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहून, कोंबडीच्या पिसाला माशाचं पिल्लू समजावं अशी त्या सॅमनची मनधरणी करत तास तास काढायचे, आणि मग धरलेला पुन्हा सोडायचा, याला मी काय म्हणते ते इथं लिहीत नाही, ब्रेंडा वाचेल.

तर मी ऑगस्टच्या नऊ तारखेला, शनिवारी, ते सगळं ट्रकमध्ये टाकलं आणि किनाऱ्यावर गेले. द्यायलाच गेले होते. ओहोटी सुरू झाली होती, आणि तुझे मासे धरणारे सोबती नेहमीसारखे मोठ्या खडकापासून खाली रांगेत उभे होते, पंचवीस पावलांवर एकेक, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तुझी तिसरी जागा तेवढी रिकामी. तोंडातला एक दात पडावा तशी ती दिसत होती. आणि तुझ्या मागच्या ओंडक्यावर, जिथं तू थर्मास ठेवायचास आणि ठेवून ठेवून लाकडाला गोल डाग पडलाय, तिथं त्या दातांच्या डॉक्टर व्हिटकोमची पिशवी. डॉक्टर स्वतः पिशवीजवळ उभे, पाण्यात पाय न घालता. मला बघून टोपी काढली. माणूस सभ्य आहे, ते मी नाकारत नाही. (अंगातल्या जाकिटाला चौदा खिसे. मी मोजले. एकातही सँडविच नाही.)

मी टॉइव्होला विचारलं, हे काय चाललंय? टॉइव्हो आता एक्याऐंशीचा झाला, पण रांगेतला कायदा अजून त्याच्याच तोंडात आहे. पाण्यावरची नजर न काढता म्हणाला, "हंगाम सुरू झाल्यापासून आज तिसरा शनिवार, रॅग्ना. माणूस नाही, घरातलंही कोणी नाही. ओहोटी संपली की जागा डॉक्टरची." तुम्हा लोकांचा हा कायदा मी तीस वर्षं ऐकतेय, की हंगामात लागोपाठ तीन शनिवार जागा रिकामी राहिली की गेली, आणि घरचं कोणीही उभं राहिलं की राहिली. पण समोर बघितला नव्हता. मी म्हटलं, घरचं म्हणजे कोण कोण? तर म्हणे, रक्ताचं किंवा लग्नाचं. मी म्हटलं, बाई चालते का? टॉइव्होनं तेव्हा पहिल्यांदा पाण्यावरची नजर काढली. म्हणाला, "बाईचं कोणी कधी विचारलं नाही."

मग मी डॉक्टरांना म्हटलं, अहो, ती पिशवी उचला. ते म्हणाले, "पण ताई, आयव्हरनं तर मला..." मी म्हटलं, काठी द्यायला सांगितलीय, जागा नाही. आणि काठीही आज मला लागणार आहे.

हे मी का केलं ते मला विचारू नकोस. डाग पडलेल्या लाकडावर दुसऱ्याची पिशवी बघवली नाही, एवढंच.

शनिवारचं उभं राहिलं की कायदा पुरा होतो. पण मी नुसती खांबासारखी उभी राहून घरी येणारी बाई नव्हे, म्हणून मधल्या वारीही जाऊ लागले. एकतीस वर्षं मी मासे डब्यात भरायच्या कारखान्यात काढली. माझ्या सुरीखालून किती सॅमन गेले त्याचा हिशेब देवाकडे असेल, पण सगळे मेलेले. जिवंत सॅमन एकदाही हातात आला नव्हता, आणि तो धरणं अवघड असेल असं मला कधी वाटलंही नव्हतं. कारखान्यात आपण उभं राहायचं आणि मासा पट्ट्यावरून येतो. इथंही उभंच राहायचं, फक्त पट्टा नाही.

तुझी ती छातीपर्यंतची रबरी विजार मला दोन बोटं नव्हे, दोन माणसं सैल. कमरेला होडीचा दोर बांधला. काठीचा दोर सुटा राहिला की लाटेनं पायात गुंततो म्हणून तुम्ही कमरेला परडी बांधता, ती तुझी सापडली नाही, म्हणून माझा भांडी घासायचा टब बांधला. (दुसऱ्या आठवड्यात खडकाजवळच्या त्या लाल दाढीवाल्यानंही टबच आणला. त्याचा निळा आहे.) मग मी सरळ कमरेपर्यंत पाण्यात चालत गेले, कारण मासे समुद्रात असतात. तिथं तासभर दोर फेकला. मागे वळून बघितलं तर टॉइव्हो खांदे हलवत होता. मला वाटलं झटका आला. तो हसत होता. म्हणाला, "अगं पोरी, मासे तुझ्या मागे आहेत." आणि खरंच, मी आणि किनारा यांच्या मधल्या गुडघाभर पाण्यातून पाठीला कुबड असलेल्या सॅमनचा, म्हणजे कुबड्यांचा, कळपच निघाला होता, बाजारात गर्दी कडेनं निघते तसा. मी त्यांना ओलांडून गेले होते. शहात्तराव्या वर्षी मला 'पोरी' म्हणणारा हा एकच माणूस उरलाय, म्हणून चालवून घेतलं.

कुबड्या सॅमन आम्ही कारखान्यात सर्वात खालच्या दर्जाच्या डब्यात भरायचो. मऊ मांस, फिक्कट रंग, मांजरं खातात. तो कुबड्याही मला धरता येईना. दोर आधी मागे फेकायचा आणि मग पुढे, हे मला पटत नव्हतं. मासा पुढे आहे तर मागे कशाला? मागे गोटे आणि ओंडके. पण तसं केल्याशिवाय दोर जात नाही, या थोर शास्त्रात एवढंच खरं निघालं. आठ दिवसांत दोर जाऊ लागला. आणि मग, आयव्हर, मासे ओढायला लागले. खेच बसायची, काठी वाकायची, आणि सुटला. पुन्हा खेच, पुन्हा सुटला. तीन दिवसांत अकरा. समोर एक सील पाण्यातून टकलं डोकं काढून आमच्या कारखान्यातल्या मुकादमासारखा बघत राहायचा, त्यालाही माझी कीव येऊ लागली असावी, कारण तिसऱ्या दिवशी तो दुसरीकडे गेला. मी तुला घरी येऊन मोठ्यानं शिव्या दिल्या. म्हटलं हा माणूस तीस वर्षं मला थापा मारत आलाय, हे मासे असेच असतात, ओढतात आणि जातात, आणि घरी आणलेले हा कुठूनतरी विकत घेत होता.

बारावा सुटला तेव्हा टॉइव्हो स्वतःची जागा सोडून माझ्याकडे आला. (हे त्यानं कधी केलेलं कोणाला आठवत नाही. रांगेतले सगळे बघायला लागले.) दोर हातात घेतला, माशी बोटावर धरली, आणि गळ आपल्या गालावर घासला. गालावर! मी ओरडले. तर गालाला काही नाही. गळाला टोकच नव्हतं. मागे फेकताना दोर खाली राहिला की गळ गोट्यावर आपटतो आणि टोक मोडतं, आणि आपल्याला कळतसुद्धा नाही. तीन दिवस मी टोक नसलेल्या गळानं माशांना पिसं चघळायला देत होते. टॉइव्हो म्हणाला, "तुझा भाऊ दर दहा फेकींना नखावर टोक तपासायचा." मी म्हटलं, मग मला आधी का नाही सांगितलंत? तर म्हणतो, "तू विचारलं नाहीस. आणि मासे खूश होते."

नवा गळ बांधला. डॉक्टर व्हिटकोमनी बांधून दिला, कारण माझी बोटं वाकत नाहीत. त्यांच्या डब्यात माश्या रंगाप्रमाणे लावलेल्या आहेत, शिवणकामाच्या दुकानासारख्या. मला एक गुलाबी दिली. मी म्हटलं, आयव्हर हिरवी बांधायचा. त्यांनी खिशात (सातव्या) हात घातला आणि हिरवी काढली. ती तूच त्यांना दिलेली होती.

आता सप्टेंबरची अकरा तारीख. तोवर बहुतेक कुबडे एकही हाती न लागता नदीत गेले होते, आणि कोहो, ते तगडे चंदेरी सॅमन, आले होते. सकाळी धुकं, पाणी सपाट, ओहोटी अर्धी झालेली. खेच बसली, आणि ही खेच वेगळी. कुबड्याची खेच म्हणजे कोणी बाही ओढावी तशी असते. ही म्हणजे ट्रकच्या मागे दोर बांधलेला आणि ट्रक सुटला. रीळ किंचाळलं. टबातला दोर तीन झटक्यांत संपला. मी ओरडले की कोणी ओरडलं माहीत नाही. टॉइव्हो तिकडून सांगत होता, "मागे ये, मागे ये, किनाऱ्यावर चढ." मी मागे मागे चढत गेले, मासा पुढे, मी मागे, आणि तुझ्या ओंडक्याला पाय लागून मी त्यावर धपकन बसले. बसल्या बसल्या काठी मागे गेली, एक लाट आली, आणि कोहो वाळूवर. माझ्याइतका दमलेला. चकचकीत, जसा नव्या पातेल्याचा तळ. बारा पौंड. (टॉइव्हो नऊ म्हणतो. त्याला मोतीबिंदू आहे.)

मी सुरी काढली. एकतीस वर्षांची सवय. पाठीवर शेपटीकडे जे छोटं मांसल पर असतं, त्यावर माझी सुरी सगळ्यात आधी पडायची. तिथंच बघितलं, आणि पर होतं. शाबूत. म्हणजे पैदाशीच्या तळ्यातला नव्हे, कारण त्यांचं पर कापूनच सोडतात. रानातला, नदीत जन्मलेला. म्हणजे नियमानं सोडायचा. डॉक्टर हळूच म्हणाले, "ताई, तो..." मी म्हटलं, मला कळतं. सगळी रांग माझ्याकडे बघत होती. एवढ्या वर्षांत पहिला जिवंत सॅमन, तोही कोहो, आणि हातात सुरी. आयव्हर, मी ती सुरी कशी खिशात घातली ते मलाच ठाऊक.

पाण्यात नेला तर तो कुशीवर पडला. पोट वर. मी म्हटलं मेला, कापू द्या. टॉइव्हो पाण्यात माझ्या शेजारी वाकला आणि म्हणाला, "मेला नाही. दमलाय. शेपटीला धर, पोटाखाली हात दे, तोंड समुद्राकडे कर. आणि घाई करू नकोस." मला आजवर घाई करू नकोस असं सांगणारा सुखी राहिलेला नाही. पण मी धरला. पाणी बर्फासारखं. हाताची बोटं आधी दुखली, मग गेलीच. कल्ले उघडतायत, मिटतायत, उघडतायत. मी म्हटलं, आणखी किती वेळ? टॉइव्हो म्हणाला, "त्याला वाटेल तितका." आणि मग तसाच वाकलेला असताना, त्या माशाकडे बघत म्हणाला, "गेल्या ऑक्टोबरात तुझा भाऊ इथंच पडला. अँब्युलन्स येईपर्यंत मी आणि डॉक्टरनं असाच धरला होता. डोकं वर, पोटाखाली हात. चाळीस मिनिटं. मग त्यानं पाय हलवला."

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मला फोन आला तेव्हा तू रुग्णालयाच्या विमानात होतास. मी घरात बरण्या उकळत होते. ब्रेंडानं एवढंच सांगितलं, की बाबा किनाऱ्यावर कोसळले. मला वाटलं, तू पाण्याला घाबरलास म्हणून येत नाहीस. टॉइव्हो म्हणाला, तसं नाही. तू त्यांच्या हातात रडलास, आणि सगळ्या रांगेनं बघितलं, म्हणून येत नाहीस. मी विचारलं, मग रांग काय म्हणाली? तो म्हणाला, "काय म्हणणार? ओहोटी चालू होती."

किती वेळ धरला ते माहीत नाही. मग त्या कोहोनं एकदम शेपटी मारली, माझ्या तोंडावर पाणी उडवलं, आणि गेला. मागे वळून बघणं वगैरे काही नाही. अगदी तुझ्यासारखा. मी तोंड पुसलं. खारं पाणी होतं, बाकी काही नाही.

असो. पत्र लांबलं. मुद्दा असा, की त्या ओंडक्यावर बसल्यापासून माझा गुडघा दुखत होता, या आठवड्यात गेलाच. डॉक्टर व्हिटकोमनी बघितला. (ते दातांचे, पण हाड ते हाडच.) पाण्यात उभं राहायचं नाही म्हणाले. म्हणून काल शनिवारी मी गेले नाही. येत्या शनिवारीही जाणार नाही. म्हणजे चार ऑक्टोबरचा शनिवार तिसरा. त्या दिवशी ओहोटी संपली की जागा डॉक्टरांची, कायदा तुम्हीच केलेला. तर तू सांगितल्याप्रमाणे काठी आणि रीळही त्यांना देऊन टाकू का, एवढं कळव. माझी काही हरकत नाही. शिवाय माझं घर मोकळं होईल.

लेकीला त्रास देऊ नकोस. चालत जा रोज. तळघरात जिने असतील, ते चढ.

तुझी थोरली बहीण,
रॅग्ना

ता. क. तुझ्या रबरी विजारीला डाव्या गुडघ्यावर भोक आहे. तीस वर्षं त्यातून पाणी आत घेत होतास आणि एका शब्दानं बोलला नाहीस. ठिगळ लावलंय.

ता. क. २. नदीत जायचे राहिलेले चार कुबडे मी कोहोनंतर धरले. बरण्यांत भरलेत. मांजराचं खाणं म्हणून वर लिहिलं ते कारखान्यातल्या डब्यांबद्दल. एका बरणीवर तुझं नाव घातलंय. बरणी पोस्टानं फुटते.

ता. क. ३. तीन तारखेला, शुक्रवारी, दुपारी दोनची फेरीबोट येते. मी धक्क्यावर ट्रक घेऊन असेन. दहा मिनिटं थांबेन, मग निघेन. (पंधरा.)

ता. क. ४. डॉक्टर व्हिटकोमना मी हे पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, गुडघ्याचं ठीक आहे, पण आयव्हर आला तर जागेचं काय? मी म्हटलं, तुम्ही चौथी घ्या, बाकीच्यांनी एकेक जागा खाली सरकावं म्हणून मी टॉइव्होशी बोलते. ते म्हणाले, चौथीच बरी, तिथून तिसऱ्या जागेवर लक्ष ठेवता येतं.

ता. क. ५. ही ओळ ब्रेंडाला दाखवू नकोस. माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. काल शनिवारी मी ट्रकमध्ये बसून तुझी जागा रिकामी ठेवत होते. उभं राहण्यापेक्षा ते फार जड गेलं. आणखी एकदाच करीन. तिसऱ्यांदा मला जमणार नाही.